अर्धा कोयता

आमच्या बीड जिल्ह्यात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. "औंदा किती कोयते?" असं टोळी जमवणारा मुकादम विचारतो तेव्हा तो माणसंच मोजत असतो, पण दोन मिळून एक. माझे आई-वडील असा एक कोयता होते. आईला मी माय म्हणायची आणि वडिलांना दादा. दसरा झाला की दोघं टोळीबरोबर कारखान्याला जायची आणि मी लिंबागणेश गावाजवळ मावशीकडं राहून शाळा करायची.

शिकत शिकत मी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएचडीला लागले. विषय पॉलिमरचा, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा. या साखळ्या वाढतात त्या टोकाशी असलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर. अशा दोन जाग्या साखळ्या समोरासमोर आल्या की त्या एकट्यांची जोडी जुळते आणि दोघींची वाढ तिथंच थांबते. कधी त्या एकमेकींना चिकटून संपतात, तर कधी एक दुसरीचा हायड्रोजन काढून घेते आणि दोघी वेगवेगळ्या संपतात. प्रयोगशाळेत आम्ही त्याला सरळ मरणच म्हणायचो. हे मरण कमी करणं हे माझं काम. त्यासाठी बहुतेक साखळ्यांच्या टोकाला झाकण बसवून त्यांना निजवून ठेवायचं. एखादी क्षणभर जागी होते, चार कड्या जोडते आणि पुन्हा निजते. एका वेळी जाग्या इतक्या थोड्या, की गाठ पडणार कुणाची? सगळं ठीक चाललं असेल तर आलेखावरची रेघ सरळ जाते. साखळ्या मरायला लागल्या की ती वाकते.

सुट्टीत गावी आले तेव्हा हे सगळं मी चुलीपुढं बसून मायला सांगितलं. नवं नवं शिकलेलं माणूस सांगतं तसं, हात नाचवत.

"मंग कुनीच मरत न्हाई का?" तिनं भाकरी उलटत विचारलं.

"मरतात की. पण लई थोड्या."

"थोड्या मजी कुन्या?"

मी हसले. ते काही सांगता येत नाही म्हणाले. तीही हसली आणि माझ्या ताटात भाकरी टाकली.

त्याच वर्षीच्या हंगामात तिला उसाच्या फडातच कावीळ झाली. तिनं ती अंगावर काढली. दादा तिला गावाकडं घेऊन निघाले, पण वाटेतच ती गेली. मी पोचले तेव्हा तिच्या हाताच्या बोटांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच होते.

पुढच्या दसऱ्याला दादा आपले आपण मुकादमाकडं गेले. मुकादम माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "दादा, अर्धा कोयता कुठं घालू म्या?" दादा घरी येऊन मला हे सांगताना खाली बघत होते. मुकादमाला फोन करून चार शब्द सुनावावेत असं वाटलं. पण तो खोटं बोलला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तोवर मला बीडच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. दादांना मी माझ्याकडं आणलं. ते गॅलरीत खुर्चीवर बसायचे. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर बोलायचे. शेजारणी म्हणायच्या, किती शांत आहेत तुमचे वडील. मी कॉलेजात पोरांना शिकवायची, की फ्लास्कमध्ये जोडी जुळली की मरण येतं. घरी येऊन बघायची तर जोडी मोडून बसलेला माणूस. मला माझ्या विषयाचाच वीट आला होता. तरी मी स्वतःला समजवायची की दादा नुसते निजलेत.

साखळी मेली की निजली, हे बघून कळत नाही. त्यासाठी फ्लास्कमध्ये ताजा माल, म्हणजे जोडायला नव्या कड्या घालतात. निजलेली असली तर ती जागी होऊन पुन्हा वाढायला लागते. मेलेली तशीच राहते.

म्हणून एका सकाळी मी दादांना मावशीकडं नेलं. तिच्या विहिरीकडेला उसाचा लहानसा पट्टा होता आणि तो बेण्यासाठी तोडायचा होता. दादांनी कोयता उचलला. खाली वाकले आणि बुडख्यावर पहिला घाव घातला. मग त्यांचा हात असा चालायला लागला, की मी बांधावर उभ्या उभ्या रडले. ऊस तोडायचा, शेंड्याचं हिरवं वाढं छाटायचं, ऊस डाव्या हाताला मागं टाकायचा. पाठ ताठ झाली होती, मान वर आली होती. माझी रेघ सरळ चालली होती. मावशीसुद्धा म्हणाली, "बग, आलं मानूस मानसात."

सरी संपली तसे दादा कपाळ पुसत, मागं न बघताच म्हणाले, "मोळ्या कावून बांधल्या न्हाईत अजून?"

ते वळले. पूर्ण सरीभर ऊस पडला होता तसाच पडला होता. माय नेहमी त्यांच्या मागं डाव्या अंगाला असायची, ते टाकतील तो ऊस गोळा करून मोळी बांधत.

मी धावत गेले. हाताला लागतील तेवढे ऊस कवेत घेतले आणि वाढ्याचा पीळ घालून आवळायला लागले. पीळ सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. पातीनं बोटं कापली. ऊस सगळे पायावर पडले.

दादांनी कोयता बांधावर ठेवला. माझ्याजवळ येऊन माझ्या हातातलं वाढं सोडवून घेतलं.

"ऱ्हाऊ दे बाई," ते म्हणाले. "तुला कुठून येनार? तवा तू साळंत गेलतीस."