चांदमारीवर दादाचे सहा बार

गड्यांनो, आज सकाळी थोरल्या दादाला घेऊन साताऱ्याच्या चांदमारीवर गेलो. पलटणीत त्याचा नेम नावाजलेला. लढाईवरनं परतल्यापास्नं त्याला नीट दिसत न्हाई, पण तो ते कबूल करत न्हाई.

स्वस्तात मिळालेलं जुनं रिव्हॉल्वर त्यानं हौसेनं पुसलं आणि सहा बार काढले. समोरच्या फळीवर एकबी भोक पडलं न्हाई.

"किती गोळ्या लागल्या रं?"

"चार," मी बोलून गेलो.

दादा फळीपाशी गेला. वरपास्नं खालपतुर सगळी फळी त्यानं हातानं चाचपली. मग येऊन रिव्हॉल्वर माझ्या हातात दिलं.

"तू तरी खरं सांगायचं व्हतंस, गड्या."

तवापास्नं तो माझ्यासंगं बोललेला न्हाई. तुमी असता, तर काय सांगितलं असतं?