न कापलेलं शीड

आमच्या किनाऱ्यावर वापरलेलं शीड कुणी विकत नसे. मालवणच्या गलबतवाल्यांनी नवं शीड चढवलं की जुनं एखाद्या गरीब मच्छीमाराला द्यायचं, अशी रीतच होती. लहान होडीच्या मापानं ते कापून द्यायचं. आमचे बाबा तर स्वतः सुरी घेऊन बसायचे. "सगळां आमकाच होया काय गो?" असं वर आईलाच विचारायचे. ती बिचारी कधी नको म्हणाली होती?

गलबतांना अजून इंजिनं लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. बाबांचं गलबत विजयदुर्गाहून मालवणला यायला निघालं आणि वादळात सापडलं. एक फळीसुद्धा कुणाच्या हाती लागली नाही. कुंकू पुसायला आलेल्या बायकांना आईनं अंगणातल्या खळ्यातूनच परत धाडलं. "ह्ये येतले," एवढंच म्हणाली.

माळ्यावर बाबांचं जास्तीचं शीड होतं. ते ती खाली काढून उन्हात घालायची, उंदरांनी कुरतडलं नाही ना बघायची, पुन्हा घडी करून वर ठेवायची. मला तिचा असा संताप यायचा! रड की गं बाई एकदाची, असं वाटायचं. मी मात्र विहिरीवर कळशी भरताना पोटभर रडून घेई.

पुढचा पावसाळा सरला आणि आमच्या वाडीतला एक मच्छीमार दारात आला. त्याच्या होडीचं शीड गोणपाटाचं, तेही फाटलेलं. वल्ही मारून जाणार किती लांब? घरात पोरं पेजेच्या नुसत्या पाण्यावर होती.

"वैनी, माळ्यावरचां शीड दितास तर माका दर्यात जावक मेळात."

आईनं शीड माळ्यावरून खाली काढलं. मग म्हणाली, "घेवन जा. पण कापू नको. ह्ये इले की परत हाडून दी."

गलबताचं शीड एवढ्याशा होडीला! कापायचं नाही म्हणून त्यानं अर्धं उघडं ठेवलं आणि उरलेलं गुंडाळून दोरीनं करकचून बांधलं. शहाण्या माणसानं असं करावं? पण वैनीला शब्द दिलेला, तो मोडायचा कसा! मला दोघंही वेडी वाटली. थोडे दिवस त्याला मासळी बरी मिळाली. आमच्या दारातही वाटा आला. आईनं तो घेतला नाही.

मग एका दुपारी वारा फिरला, दोरी तुटली, सगळं शीड उघडून फुगलं आणि होडी पालथी झाली. तो पालथ्या होडीला धरून राहिला, म्हणून वाचला. दुसऱ्या होडीनं त्याला किनाऱ्याला आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको आली. ओलं शीड डोक्यावर, पाणी तिच्या पाठीवरून निथळत होतं. तिनं ते आईच्या पुढ्यात टाकलं.

"वैनी, तुमचां शीड घेवा. माका माझो घोव होयो."

आता आई हिला काय बोलते, काय नाही! आई त्या बाईच्या कपाळाकडे बघत राहिली. तिचं कुंकू घामानं ओघळलं होतं. आई आत गेली ती बाबांची सुरी घेऊनच बाहेर आली.

"होडयेचां माप सांग," म्हणाली.

ती बाई हातांनी माप दाखवू लागली. आईनं शीड खळ्यात पसरलं आणि सुरी लावली. जाड कापड, ओलं, चटकन कापेना. मी पुढे झाले तर तिनं माझा हात झटकला. मधोमध पोचल्यावर तिला हुंदका आला, तरी सुरी थांबली नाही. कापलेला तुकडा तिनं स्वतः त्या बाईच्या डोक्यावर दिला.

ती कुंपणाच्या बेड्याबाहेर पडेपर्यंत आई उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भटजींका बोलाव गो. तुझ्या बापाशीचे दिवस करूक होये."