झोपलेला हात

खांद्याच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनी मानेजवळ इंजेक्शन देऊन माझा उजवा हात झोपवला होता. मी शुद्धीवर आले तरी तो आपला झोळीत निवांत पडलेला, कोमट आणि जड. जिथे ठणका लागेल म्हणून मी आठवडाभर धास्तावले होते, तिथे नुसती शांतता होती.

"किती गाढ झोपलाय गं!" उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं त्याच्यावर पांघरलं. भेटायला आलेल्या जाऊबाईंना तर ओठांवर बोट ठेवून गप्पच केलं. मला हसू आवरेना. पन्नाशीच्या बाईचा, भाकऱ्या थापून राठ झालेला हात आणि लाड मात्र तान्ह्या बाळाचे! इतकी वर्षं तो राबला, पण मी त्याला कधी साधं थोपटलंही नव्हतं.

संध्याकाळी अंगठा हलला. "जागा झाला!" सासूबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मग सिस्टरने देऊन ठेवलेली दुखण्याची गोळी त्यांनी लगबगीने माझ्यापुढे धरली.

"घे पटकन, तो रडायच्या आत."