नाताळची हवा

कुणी मला इचारलं, "माय, तू समिंदरापल्याड गेलती मनं, काय काय पाहिलं तिथं?" की मह्या तळपायाची आग मस्तकाला जाती. आता इचारतेत! जव्हा सांगायला तोंड उघडलं व्हतं, तव्हा ह्याच लोकांनी त्या तोंडावर हात ठिवला. आता मी म्हातारी झाले, दात पडले, आन् आता मही गोष्ट ह्यांला गोड लागाय लागली. बरं, सांगते. पर मधीच कुणी "अरारा, किती हाल" मनायचं न्हाई. मनलं तर उठून जाईन.

मोमिनाबादला तव्हा रिसाला व्हता. मुलूख निजामाचा, पर छावणीत हुकूम गोऱ्या साहेबाचा. महा मालक तिथं मोतद्दार, घोड्याला खरारा करायचा, दाणापाणी बघायचा. पटकीच्या साथीत दोन दिसात गेला. मागं ऱ्हाईले आमी चौघं. मी, मही पाच वर्साची लेक, सासू आन् धाकला दीर. मालकाच्या वळखीनं एका साहेबाच्या बंगल्यावर मेमचं काम मिळालं. तिची येणीफणी करायची, पाय चेपायचे, कपड्याच्या घड्या घालायच्या. आन् त्याच्या आधी घरचं दळण, पाणी, भाकरी. त्याच्या नंतरबी तेच. चार वर्सं आशी गेली.

मग मेमचं तान्हं लेकरू गेलं. आठ दिसाचं व्हतं. मेम खाईना, कुणासंगं बोलंना, भिताडाकडं तोंड करून पडायची. डाक्टर आला आन् मनला, हिला हवापालट पायजे, न्हाई तर हीबी जाईल. नाताळला तिची बहीण हाय, वरीसभर तिथं ठिवा. त्या दिवशी दीर घरी आला आन् मनला, "वैनी, मेमसंगं नाताळला जायचं हाय तुमाला."

मला काय ठावं? छावणीत दरसाल थंडीत नाताळ यायचा. बंगल्याला पानाफुलांच्या माळा लागायच्या, साहेबलोक नाचायचे, आमाला गोड रोटीचा तुकडा मिळायचा. मला वाटलं, कुण्या मोठ्या छावणीत सणाला जायचं असंल. चार दिसाचं काम. दोन लुगडी घेतली. लेकीला मनले, "गोड रोटी आणते गं, रडू नको." दमणीत बसून बारशीला गेलो, तिथून आगगाडी, मग मुंबई. धक्क्यावर ते घरायेवढं जहाज पाहिलं आन् साहेबाचा खानसामा पोचवायला आलता, त्याला मी इचारलं, "ह्याच्यात बसून कुठं सण करायचा?" तो पोट धरून हासला. मनला, "अगं, सण कशाचा? नाताळ नावाचा मुलूख हाय, आफ्रिकेत. लई दिसाचा दर्या हाय मधी."

मी धक्क्यावरच फतकल मारली आन् धाय मोकलून रडले. दिराला ठावं व्हतं. पक्कं ठावं व्हतं मेल्याला! साहेबानं त्याला रिसाल्याच्या घोड्याला गवत पुरवायचा मक्ता दिलता. भावजय द्या, मक्ता घ्या. समिंदर वलांडला की जात बाटती मनतेत ना? पाठवताना न्हाई बाटली. तव्हा समद्यांला गवतच दिसत व्हतं.

तिथं गेलो तर मेमच्या बहिणीच्या घरी कामाला बायाच बाया. त्याच मुलखाच्या, उंच, ताठ, डोक्यावर घागर आन् दोन्ही हात मोकळे. मला झाडूला हात लावू देईनात. चुलीपुढं एक मद्रासी व्हता, गिरमिटावर, मंजी करारावर अंगठा घेऊन आणलेला. आधी ऊसाच्या मळ्यात पाठ मोडून घेतली, मग चुलीवर आला. हिंदुस्तानी मोडकीतोडकी बोलायचा. मनायचा, "तू पाव्हणी, मी कैदी." त्याला एक दिवस बसल्यालं मी पाहिलं न्हाई. मनून सांगते, त्या मुलखाचं मी उगं गुणगान गात न्हाई. पर मला जे मिळालं ते मिळालं, आन् ते मी नाकारणार न्हाई.

महं काम एकच. मेम हिंडायला निघाली की संगं जायचं, ती बसली की बसायचं. पहिल्या दिवशी ती एका धोंड्यावर टेकली आन् मला मनली, "बैठो." मी उकिडवी बसले. हाक आली की झटक्यात उठता यावं आशी. हाक आलीच न्हाई. आमी बाया उकिडवं बसून जेवतोत, उकिडवं बसून भांडी घासतोत, उकिडव्याच बाळंत व्हतोत. पाय पसरून बसायला मला पंधरा दिवस लागले, खोटं न्हाई सांगत. पाय लांब केले की वाटायचं, आता सासूचा, आत्याबाईचा आवाज येतोय पाठीमागून.

डोंगर आपल्या बालाघाटावानीच माथ्यावर सपाट, पर बालाघाटाचा बाप. त्याच्या माथ्यावर बरफ पडायचं, आन् तेबी कव्हा? आपल्या जेठ-आखाडात! तिथं समदंच उलटं. खाली वढा, पाणी आसं की तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्या. कमरेइतकं गवत. वारा आला की अख्खा डोंगर एका कुशीवर व्हायचा. त्या गवतावरून एक काळं पाखरू उडायचं, शेपटी येवढी लांब की त्याची त्याला सावरंना. मी मद्रास्याला नाव इचारलं. तो मनला, साहेबलोक ह्याला इधवा मनतेत. आता बघा! नर हाय त्यो, माद्यांपुढं शेपटी मिरवत फिरतोय, आन् नाव इधवा! मालक गेल्यापासून मी पहिल्यांदा खदाखदा हासले. मनले, बाबा, अशी इधवा मलाबी करा की.

मेम येता-जाता एकच शब्द मनायची, रेस्ट. मद्रास्यानं सांगितलं, मंजी आराम, इसावा. आमच्या गावात इसावा मनलं की एकच जागा ठावं. मसणवाटंच्या अर्ध्यात तिरडी खाली ठिवतेत, खांदेकरी बदलतेत, त्यो इसाव्याचा धोंडा. मंजी बाई मेल्यावर तिला घटकाभर खाली ठिवायचं, तेबी उचलणारे दमले मनून!

मेम तिच्या लेकराला रडायची. रडू दे, आईच व्हती. पर मला आतून राग यायचा. मह्या दोन लेकरांला मी माती दिली, एक गोवरात, एक तापात. दुसरं गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाईनं हातात खुरपं दिलं. तिला झाली ती बिमारी, मला झालं ते नसीब. तिला समिंदर वलांडून हवा खायला आणलं, मला घरामागच्या वढ्यापस्तोर कुणी नेलं न्हाई. का? महं पोट आतडीचं नव्हतं व्हय?

एक दिवस वढ्यात पाय सोडून बसले व्हते. पाणी गारठ. काय झालं ठावं न्हाई, आतून हुंदका आला. किती वर्सं अडून बसला व्हता कुणाला ठावं. मी दोन्ही लेकरांची नावं घेऊन मोठ्यानं रडले, त्या डोंगराला ऐकू जाईल आशी. मेमनं पाहिलं. जवळ आली न्हाई, काही इचारलं न्हाई, लांब तशीच बसून ऱ्हाईली. तेवढ्यासाठी मी तिला माफ केलं. त्या दिवसापासून मला झोप लागाय लागली, भूक लागाय लागली. टाचंच्या भेगा, ज्यात बोट शिरायचं, त्या भरून आल्या. लेकीची याद यायची, तेवढा एक काटा. बाकी मी सुखात व्हते. हां, सुखात! लिहून ठिवा.

वरीस भरलं, माघारी आले. लेक दहाची झालती, आन् दिंद्रुडच्या एका घरी तिचं जमत आलतं. पहिल्याच सकाळी बारवंवर बायांनी मला घेरलं. मी भोळी. खरं सांगितलं, "लई गार हवा. हिंडायचं, बसायचं, झोपायचं." एकीनं मह्या टाचांकडं पाहिलं. सांजच्याला आख्ख्या आळीत एकच बोलणं, "बसून खाल्लं मनं! बाईला कुणी फुकट बसवून खाऊ घालतं व्हय?" जात बाटली त्याला तोड व्हती. पंचाला जेवण घाला, गंगंचं पाणी अंगावर घ्या, झालं. बसून खाल्लं त्याला तोड न्हाई. हे बोलणं दिंद्रुडला पोचायला किती उशीर?

दीर आला, उभ्या-उभ्याच मनला, "वैनी, उद्या पाव्हणे यायलेत. मोडायलाच यायलेत आसं समजा. तुमी फकत रडायचं. लई हाल झाले मनायचं. हाल काढले मनलं की लोक पाया पडतेत, सुखात व्हते मनलं की..."

मी मनले, "भावजी, तुमीच पाठवलं नव्हं? गवतासाठी?"

"ते आता उकरू नका. पोरीचं बघा."

पोरीचं बघा! बाईची मुंडी धरायला त्याच्यापरीस चांगली जागा न्हाई. एकदा मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण इचारतं? मी रातभर... जाऊ द्या. सकाळी पाव्हणे आले. पोराचा बाप आन् एक जख्ख आजी. आजीनंच इचारलं, "बाई, काय काय करून घेतलं गं तुह्याकून?"

आन् मी सुरू झाले. "पहाटं कोंबड्याच्या आधी उठायचं. पायलीभर दळायचं. दळता-दळता डोळा लागला की पाठीत रट्टा. समद्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर खायचं, न्हाई तर खरवड. अंगात ताप आसला तरी काम. लेकरू मेलं तरी तिसऱ्या दिवशी काम."

"तिथं कुठलं लेकरू?" आजी मनली.

दीर खोकलला. "मेमचं, आजी, मेमचं."

कोपऱ्यात आत्याबाई सुपारी कातरत व्हती. तिचा अडकित्ता थांबला. एक न् एक गोष्ट तिच्याच घरातली व्हती. जातं तिचं, रट्टा तिचा, खरवडबी तिच्याच भांड्यातली. मी फकत नाव नाताळचं घातलं. आन् पाव्हण्यांनी गालावर हात मारले, "अरारा, किती हाल! काय राक्षसाचा मुलूख मनायचा त्यो!" मला हसू आलं आन् रडूबी फुटलं. लोकांला रडू दिसलं. आजीनं मला जवळ घेतलं. सुपारी फुटली, लगीन ठरलं. त्या दिवशी आत्याबाईनं उभ्या जन्मात पहिल्यांदा मला आधी जेवायला वाढलं, तोंड वर न करता. त्याचाबी मला रागच आला.

मही लेक दाराआड व्हती. तिनं समदं ऐकलं. त्याचा इचार मी केलाच न्हाई.

ती मोठी झाली, नांदाय गेली. तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली तव्हा अंगात रगत न्हाई, डोळे खोल गेलेले, केस मुठीमुठीनं गळायचे. महिना झाला न्हाई तर जावई गाडी घेऊन दारात, काढणीला माणूस न्हाई मनून. ही लागली की बोचकं बांधायला! मी मनले, "अगं, दोन महिने ऱ्हा. काही करू नको. डोंगराकडं जा, पाण्यात पाय सोड, नुसती बस. मी जावयाला बघते."

ती हासली. मनली, "माय, तू परक्या मुलखात येवढे हाल काढले, हू का चू केलं न्हाई. मी घरच्या घरात काढू न्हाई व्हय? लई दमले ना, की मी तुहीच याद करते. तुह्या त्या हालावरच तर मी दिवस काढलेत."

मग मी सांगितलं. समदं सांगितलं. वढा, गवत, ते पाखरू, पाय पसरून बसणं. पाव्हण्यांपुढं जे बोलले ते कुणाच्या घरचं व्हतं, तेबी सांगितलं.

तिचे हात गाठीवर थांबले. मग मनली, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुहं लगीन मोडलं आसतं, बाई."

"मोडू द्यायचं."

तिनं गाठ आवळली, लेकरू काखंला मारलं आन् गाडीकडं चालाय लागली. ऱ्हा मनायला मी मागं पळाले, आन् दारातच थांबले. कोणत्या तोंडानं मनू?