सरगूरच्या बाईला दिलेलं उत्तर

आमचं घर शिंप्यांचं. घरात मराठी, बाहेर कन्नड. मी मात्र म्हैसूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. म्हणून परदेशातून आठवडाभर वर्ग घ्यायला आलेल्या एका मिशनरी शिक्षकांचा मी दुभाषी झालो. उंच, किंचित वाकलेले. माझं कन्नडमधलं सांगणं संपेपर्यंत ते समोरच्यांचे चेहरे न्याहाळत थांबायचे.

वर्ग संपला की ते शेजारच्या दवाखान्यात जात. तिथे सरगूर गावच्या एका बाईची मुलगी तापानं फणफणली होती. ते खाटेशी गुडघे टेकून प्रार्थना करत आणि म्हणत, "देव ऐकतो." मी ते बाईला कन्नडमध्ये सांगे.

शुक्रवारी मुलगी गेली.

"मेष्ट्रे," बाई मला म्हणाली; मास्तरांना तिकडे असंच म्हणतात, "विचारा त्यांना. देवानं का नाही ऐकलं?"

मी विचारलं. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला सांगा, मला माहीत नाही."

"गोत्तिल्ल," मी सांगितलं. बाईनं मान हलवली आणि मुलीच्या अंगावरची चादर नीट केली.

शनिवारी त्यांनी वर्ग घेतलाच नाही. संध्याकाळी मी त्यांना गाडीवर पोचवायला गेलो, तेव्हा स्टेशनवर त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे अशा वेळी काय बोलतात?"

"काही नाही. नुसतं जवळ बसतात."

"आणि मी निघालो," ते म्हणाले.

परतताना मी दवाखान्यात डोकावलो. बाई गावी गेली होती. पलीकडच्या खाटेवर एक बाळ धापा टाकत होतं. त्याची आई घाईनं उठली.

"मेष्ट्रे, ते प्रार्थनेचे साहेब आज येणार ना?"

ते गाडीनं निघून गेले, हे मला सांगवेना; मी बाळाच्या खाटेजवळ बसलो.