आमचे साडू आणि पाइपातला पाइप

देवाने माणसाला एकच कातडी दिली, याबद्दल आमचे साडू देवावर मनापासून नाराज आहेत. तसे ते भाविक. शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत, जोतिबाचे खेटे, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वाऱ्या, चुकवत नाहीत. पण हात जोडून झाले की देवळाच्या पायरीवर बसून ते हा विषय काढतातच. "पावणं, एवढं डोळं दिलं, मेंदू दिला, आनि वर एकच आवरण? जरा खरचटलं की रगात भाईर! ह्याला काय डिझाइन म्हनायचं?" माझ्या लग्नाच्या मांडवात त्यांनी मला पहिल्यांदा 'पावणं' अशी हाक मारली. आता माझे केस पिकले, तरी मी त्यांचा पावणाच आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे डिझाइन या विषयात मला गती नाही असं त्यांचं ठाम मत आहे, आणि म्हणूनच ते सगळं मला समजावून सांगतात.

साडू मूळचे मुरगूडचे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत स्टीलचे सुटे भाग ॲसिडने धुऊन लख्ख करणारा एक कारखाना आहे, तिथल्या सगळ्या पाइपांचे ते प्रमुख. ते ॲसिड म्हणजे भयंकर प्रकरण. लोखंड खातं, काच खातं, माणसाच्या हातावर पडलं तर हाडापर्यंत जातं. त्याला वाहून न्यायला साडूंनी मालकांच्या मागे लागून एक खास पाइप बसवून घेतला. खरं म्हणजे एक नव्हे, पाइपात पाइप. आतला पांढरा, त्यातून ॲसिड जातं. "तव्याला न चिकटनारं लावत्यात न्हवं, त्याच्याच घरान्यातलं हाय ते. ॲसिड नुसतं चाटून फुडं जातं," हे त्यांचं वर्णन. त्याच्याभोवती दुसरा पाइप, आरपार दिसणारा, आणि दोघांच्या मध्ये बोटभर मोकळी जागा. आतला कुठं गळलाच, तर ॲसिड त्या मोकळ्या जागेत उतरतं, बाहेर येत नाही. पाइप जिथे सगळ्यात खाली वळतो तिथे ते साठलेलं दिसतं. दिसलं की काम बंद करायचं आणि दुरुस्ती करायची. एवढंच. हे एवढंच मी त्यांच्या तोंडून रंकाळ्यावर ऐकलं आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, आणि दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेतही ऐकलं आहे. सलाईन माझं होतं. त्या नळीकडे बघून ते हळहळले होते, "एकेरीच हाय की ओ ही!"

हा पाइप त्यांच्या डोक्यातून उतरून हळूहळू सगळ्या संसारात पसरला. लेंग्याला नाडी असून वर ते कमरेला पट्टा बांधतात. पावसाळ्यात रेनकोट घालून त्यावर छत्री धरतात, आणि त्यापायी स्कूटर घरी ठेवून चालत जातात. बादलीखाली परात असते, कुलुपाशेजारी कुलूप असतं. चहाच्या बशीबद्दल त्यांना इतका आदर आहे की बशीविना नुसता कप पुढे आला तर ते पाहुण्याच्या घरीसुद्धा चहा नाकारतात. "बशी म्हंजे भाईरचा पाइप हाय पावणं. आपल्या म्हाताऱ्यांना कळत हुतं. आता बिनबशीचे मग आले आनि सगळं वाटुळं झालं." हल्लीच्या पिढीच्या अधःपाताची इतकी सोपी मीमांसा मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

एकदा आमच्या घरी पुण्याचे पाहुणे आले होते. त्यांना अस्सल पांढरा रस्सा खायचा होता, आणि तो आमच्या मेव्हणीसारखा, म्हणजे अक्कांसारखा, कोणाला जमत नाही. साडू रस्सा घेऊन आले. डब्यात डबा, मध्ये टॉवेल. दार उघडल्याबरोबर त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मला वाटलं लॉटरी लागली. "पावणं, गळला!" ते ओरडले. आतला डबा वाटेत गळला होता आणि सगळा रस्सा बाहेरच्या डब्यात सुखरूप होता. मग काय, पाहुणे पाट मांडून बसलेले, भाकऱ्या गार होत चाललेल्या, आणि साडू दोन्ही डबे उंच धरून प्रत्येकासमोर नेत होते. "भाईर थेंब हाय काय बघा! हात लावून बघा!" पुण्याच्या काकूंनी घाबरत घाबरत डब्याच्या बुडाला हात लावला. शेवटी अक्कांनी डबा हिसकावून घेतला तेव्हा कुठे आम्ही जेवलो. टॉवेलातून पिळून काढलेल्या त्या रश्श्याला साबणाचा किंचित वास होता, पण ते बोलायची कोणाची छाती झाली नाही.

या सगळ्या बंदोबस्ताच्या अगदी आत, मधोमध, त्यांची एकुलती एक लेक स्नेहल. तिच्या बारशाला त्यांनी पाळण्याखाली दुसरा पाळणा टांगला होता. बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून फिरवायचा गोपा, म्हणजे कुंचीतला वरवंटा, कुणाच्या हातात द्यायचा आणि कुठून घ्यायचा याचा असा गोंधळ घातला की बाळाचं नाव दोनदा ठेवावं लागलं. मुलगी मोठी झाली, आणि बापाच्या तोंडून उठताबसता ॲसिड ऐकल्यामुळे असेल, केमिकल इंजिनिअर झाली. तिथवर साडूंना अभिमान होता. मग गणपतीच्या सुमारास तिला कोकणातल्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. दिवाळी झाली की हजर व्हायचं होतं. साडूंनी ऐकलं आणि एकच वाक्य बोलले, "तितं पाइप कसला हाय?"

स्नेहलला माहीत नव्हतं. "मुलाखतीत मी त्यांना पाइप विचारू व्हय, पप्पा?"

"मग काय इचारायचं? जेवान काय असतंय ते? पाइप कळंस्तवर जायचं न्हाई."

यावर दोघांचं बोलणं जवळजवळ बंद झालं. ती हट्टाने विचारीना, हे हट्टाने हो म्हणेनात. अक्का मधल्यामध्ये रडकुंडीला आल्या. मी समजूत घालायला गेलो तर साडूंनी मला तळहात दाखवला. तिथे एक जुना पांढरट डाग आहे. "एका थेंबाचं काम हाय हे, पावणं. तवा एकेरी पाइप हुता. माझ्या हातावर चालंल. तिच्या न्हाई." एरवी शंभर गोष्टी बोलणारा हा माणूस एवढंच बोलून उठला, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की दोन डबे आणि दोन कुलपं ही गंमत नव्हती.

तशात खंडेनवमी आली. कोल्हापूरकडच्या कारखान्यांत खंडेनवमी म्हणजे यंत्रांची दिवाळी. लेथपासून पान्यापर्यंत सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, आणि एकदा घातलेला हार कोणी काढत नाही. तो वाळतो, काळा पडतो, आपणहून गळेपर्यंत तिथेच राहतो. देवाला घातलेला हार आपण कसा ओरबाडायचा? साडूंनी आपल्या लाडक्या पाइपासाठी खास जयसिंगपुराहून हार आणला, मांडीएवढा जाड. आणि घातला कुठे, तर पाइपाच्या सगळ्यात खालच्या वळणावर. तिथेच तर त्याचं खरं देवपण, असं ते म्हणाले. मालकांनी मागे विचारलं होतं की गळती झाली तर वाजणारा भोंगा बसवू या का. साडूंनी छातीवर हात मारला होता, "मी हाय की! माझा डोळा असताना भोंगा कशाला?"

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना बोलावून फराळ वाटतात. मीही गेलतो, गेलो होतो असं लिहायला हवं, पण साडूंबद्दल लिहिताना जिभेला वळण लागतं. अक्का होत्या, स्नेहल होती. साडूंनी लाडू खाता खाता मला पाइप दाखवायला नेलं, जणू मी तो जन्मात पाहिला नव्हता. स्नेहल मागून आली. खालच्या वळणाशी ती थांबली.

"पप्पा, ह्यो हार कवा काढनार?"

"देवाचा हाय. पडंल आपसूक."

"आनि तवर त्याच्या मागं बघतंय कोण?"

 स्नेहलने शेजारच्या खुंटीवरचे जाड हातमोजे घातले, तोंडावर काच ओढली आणि वाळलेला हार अलगद वर सरकवला. आत, दोन पाइपांच्या मधल्या जागेत, पिवळसर ॲसिड चांगलं वीतभर चढलं होतं. आतला पाइप एका जोडापाशी गळत होता. किती दिवस, कोण जाणे. खाली फरशी कोरडी होती, आणि पलीकडे हाताच्या अंतरावर बायका-पोरं चिवडा खात होती.

साडूंनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं, साठलेलं ॲसिड टाकीत उतरवून घेतलं. कोणाला काही झालं नाही. मालक तर खूश झाले, पाइप कामाला आला म्हणून त्यांनी साडूंची पाठ थोपटली. एरवी साडूंनी ती थाप वर्षभर मिरवली असती. त्या दिवशी ते कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसलो.  "पाइपानं सांभाळलं, पावणं. मी न्हाई," ते म्हणाले. "समद्या गावाला सांगत सुटलो, मधी बघा, मधी बघा. आनि मीच त्यावर हार घातला."  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ओवाळणं झालं आणि साडू एकदम म्हणाले, "स्नेहल, जायाची तयारी कर." अक्कांनी तबक खाली ठेवलं.  "मी आजवर दुसरा पाइप घालत आलो बाळा," ते सावकाश म्हणाले, "पन पाइपाला डोळं नसत्यात. बघनारं मानूस लागतंय. तू बघतीस." मग त्यांना फार बोलल्यासारखं वाटलं असावं, कारण ते लगेच वाढप्यासारखे उठून सगळ्यांना श्रीखंडाचा आग्रह करू लागले. त्या दुपारी बापलेक कारखान्यात बसवायच्या भोंग्याविषयी तासभर भांडले. भांडण ऐकून अक्का स्वयंपाकघरात हसत होत्या.

दिवाळी संपली आणि तिला पोचवायला आम्ही सगळे सकाळी स्टँडवर गेलो. रत्नागिरीची गाडी फलाटाला लागली होती. मी साडूंकडे बघत होतो, आता सूचना सुरू होतील म्हणून. त्यांनी बॅग वर ठेवली, खिडकीपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा." बस्स. गाडी हलली. स्नेहल लांबपर्यंत हात हलवत होती. साडू गाडी वळून दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे होते, आणि मग अचानक माझ्याकडे वळले.

"पावणं, तितं पाइप कसला हाय ते इचारलंच न्हाई की मी."

"मग फोन लावा की. गाडी अजून शिवाजी पुलापर्यंतसुद्धा गेली नसेल."

त्यांनी खिशातून फोन काढला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला.

"नगं," ते म्हणाले. "बघंल ती."