पुढच्या चाकांवरचं वजन

कोणाचीही उभी गाडी दिसली, की काका तिच्या मागच्या बाजूवर दोन्ही तळहात टेकवून दाबत आणि मान वाकडी करून पुढची चाकं बघत. "मांगून दबली का समोरून हलकी झालीच समजा," म्हणत. स्कूटरवर माणूस बसलेला असला तरी दाबत. आमच्या स्टील प्लांटच्या कामगारवस्तीत, कॅम्प-1 मध्ये, तुम्ही कधी राहिला असाल, तर तुमचीही गाडी त्यांनी दाबली असेल.

प्लांटमध्ये जन्मभर क्रेन चालवून ते रिटायर झाले. एका जागी बसणं त्यांना जमत नव्हतं. जेवायचेसुद्धा उभ्याने. शेजारी म्हणून मी हे रोज बघत होते.

काकूंची कंबर मात्र कामातून गेलेली. बसमध्ये थोडा वेळ बसल्या की रडकुंडीला यायच्या. आणि तिकडे भंडाऱ्याकडे, माहेरी, आई अंथरुणाला खिळलेली. रोज फोनवर विचारायची, "कधी येतं वो बाई?"

म्हणून काकांनी जुन्या जीपमागे हुकाला जोडून ओढायची चाकांवरची खोली बनवली. आत पलंग. काकूंनी जीपमध्ये बसायचं, कंबर भरली की गाडी थांबवून मागे जाऊन आडवं व्हायचं.

क्रेनवाला माणूस. हुकावर जितकं वजन कमी तितकं बरं, हे डोक्यात पक्कं. त्यामुळे पाण्याचा ड्रम, शेगडी, भांडी, सगळं त्यांनी खोलीच्या मागच्या टोकाला लादलं. नंदिनी गावाकडच्या रस्त्यावर ट्रायल घेतली, तर खोली अशी डुलायला लागली, की समोरचा ट्रक रस्ता सोडून उतरला. मग सगळं सामान पुढे आणलं. आता जीपचं बूड खाली बसलं आणि स्टेअरिंग हातात हलकं लागायला लागलं.

"इंग्रजी येते न तुले? मंग वाच," म्हणत ते गाडीमागे खोली ओढण्याबद्दलचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि मी ते चारचौघांत सांगते. वाचून दाखवलं. हुकापासून मागे स्प्रिंगच्या दोन दांड्या, त्यांची टोकं साखळीने खोलीच्या सांगाड्याला वर ओढून बांधायची. साखळी ताणली की हुकावरचा भार जीपच्या पुढच्या चाकांवर आणि खोलीच्या चाकांवरही वाटला जातो. खोली जोडण्याआधी पुढच्या मडगार्डची जमिनीपासून जी उंची, ती परत आली पाहिजे.

काकांनी दांड्या बनवून घेतल्या. मग सुरू झालं, "अजून एक कडी." साखळी इतकी ताणली की जीपची मागची चाकं मुरमावर नुसती फिरायला लागली. सैल केली. पुन्हा ताणली. रोज ट्रायल.

"मांगचे पाय उचलून कोणी चालते का?" काकू म्हणायच्या. पुढे पुढे त्यांनी बोलणंच सोडलं.

एका सकाळी त्या पिशवी घेऊन जीपमध्ये जाऊन बसल्या.

"अवं उतर, मोजून राह्यलो न मी."

"मी बसली हाय तशीच मोजा. मायं वजन नाही का?"

काका थबकले. इतके दिवस त्यांनी ती सीट रिकामी ठेवूनच मोजलं होतं. टेप मी धरली. मडगार्ड पाहिजे त्यापेक्षा खाली निघालं. त्यांनी एक कडी सोडली, मी पुन्हा मोजलं, उंची बरोबर आली. तरी ते साखळीपाशी वाकलेलेच राहिले.

"रस्त्यात तुले काही झालं तं?" खाली बघतच म्हणाले.

"आता आई 'कधी येतं' म्हणून विचारत बी नाही," काकू म्हणाल्या. "चाला."

दोघं गेले. अजून परतलेले नाहीत. काकूंच्या भावाने मला एक व्हिडिओ पाठवला. शेताच्या कडेला खोली उभी आहे, दार उघडं. म्हातारीला उचलून आत पलंगावर ठेवलंय, काकू तिचे केस विंचरताहेत. पायरीवर काका बसलेत.

"भाऊजी, चहा," भावाचा आवाज येतो.

काका उठत नाहीत. बसल्या जागेवरून फक्त हात पुढे करतात.